नागीण बरी झाली पण आग जात नाही, माशाच्या विषापासून वेदनेचं औषध बनतंय हे खरंय का?

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल त्यांनी प्लीज वाचा.

आईला (वय ७१) गणपतीच्या आधी नागीण झाली, उजव्या बाजूला, पाठीच्या मणक्यापासून छातीखालून पुढे असा अर्धा पट्टा. आमच्याकडे अजून "नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो" असं मानतात, त्यामुळे सगळे घाबरले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आधी गेरूचा लेप लावला, त्यात तीन-चार दिवस गेले आणि मग डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या सुरू झाल्या. फोड सुकले, खपल्या पडल्या, आता नुसते काळपट डाग आहेत. पण आग काही जात नाही. पाच महिने होत आले.

तिला ब्लाउजचा काठ टेकला तरी चटका बसल्यासारखं होतं. साडी सोडलीच आहे, बाबांचा जुना मलमलचा सदरा उलटा करून घालते म्हणजे शिवण अंगाला लागत नाही. पंख्याचा वारा त्या जागेवर आला तरी कळवळते, आणि गंमत म्हणजे तीच जागा तळहाताने घट्ट दाबून धरली तर मात्र तिला बरं वाटतं, हे कसं काय ते मला अजून कळलेलं नाही. प्रेगाबालिन (मज्जातंतूंच्या दुखण्याची गोळी) ७५ मिलिग्रॅम रात्री चालू होती, ती १५० केल्यावर पहाटे बाथरूममध्ये चक्कर आली, कपाट धरलं म्हणून पडली नाही. परत दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले या वयात थोडं सहन करावं लागतं. आई काही बोलली नाही, रिक्षात बसल्यावर फक्त "चल" म्हणाली. मला ते फार लागलंय.

तर प्रश्न असा. मी रात्री जागून वाचत असते. फुगणारा मासा, समुद्रातले शिंपले, कोळी, शंखातली गोगलगाय, यांच्या विषात असं काहीतरी असतं जे मज्जातंतूतला सोडियमचा रस्ता बंद करतं आणि त्यावरून फक्त वेदना थांबवणारं, म्हणजे गुंगी नाही, सवय लागत नाही, असं औषध बनवतायत. हे कितपत खरं? असेल तर आईसारख्या माणसाला ते मिळू शकतं का? आणि नसेल तर आज आत्ता काय करता येईल? इंग्लिश लेख अर्धेच कळतात, कुणी मराठीत समजावलं तर उपकार होतील.

भूलतज्ज्ञ_एरंडवणे

मुक्ताताई, मी भूल देणारा डॉक्टर आहे, वेदनेचे पेशंट पण बघतो. आधी एक सांगतो, "सहन करा" हे काही उत्तर नाही. नागिणीनंतरचं दुखणं हा वेगळा आजार आहे आणि त्यावर करण्यासारखं बरंच असतं.

तुमचं वाचन बरोबर दिशेने आहे, फक्त त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. गोगलगाईपासूनचं जे औषध खरोखर बाजारात आलं, झिकोनोटाइड, २००४ साली अमेरिकेत मान्य झालं, ते सोडियमचा नाही तर कॅल्शियमचा रस्ता अडवतं, आणि ते मणक्यातल्या पाण्यात पंपाने सोडावं लागतं. आईसाठी तो विचार आत्ता करायचा नाही.

आता सोडियमचं. दाढ काढताना इंजेक्शन घेतलंय ना? ओठ जाड होतो, चूळ भरताना पाणी कडेने गळतं. ते लिग्नोकेन. मज्जातंतूच्या भिंतीला बारीक दारं असतात, कळ लागली की ती उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्याने शेजारचं दार उघडतं, आणि अशी ती कळ दाढेपासून डोक्यापर्यंत पळत जाते. लिग्नोकेन तंतूच्या भिंतीतून आत झिरपतं आणि दाराला आतल्या बाजूने अडसर घालतं. माशाचं विष बाहेरच्या बाजूने दाराच्या तोंडात बुचासारखं बसतं. काम एकच, दार बंद. (म्हणूनच दाढेला पू झाला असेल तर इंजेक्शन नीट लागत नाही, तिथे आम्लता वाढलेली असते आणि त्यात लिग्नोकेनला भिंतीतून आत शिरता येत नाही.)

अडचण इथे आहे की ही दारं फक्त दुखण्याच्या तंतूंना नसतात. हृदयाला आहेत, मेंदूला आहेत, श्वास घेणाऱ्या स्नायूंना आहेत. लिग्नोकेन कुठलं दार कुणाचं ते बघत नाही. म्हणून ते आपण एका जागी थोडंसं टोचतो, शरीरभर फिरवत नाही.

पण तुमच्या आईच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. नागिणीचा विषाणू लहानपणच्या कांजिण्यांपासून मणक्याशेजारच्या गाठीत दबून बसलेला असतो, तो उठला की त्या तंतूलाच इजा करतो. इजा झालेला तंतू मग कारण नसताना सारखा कळा पाठवत राहतो, म्हणजे त्याची दारं सारखी उघडझाप करत असतात. आणि लिग्नोकेनला सारखं उघडणारं दार जास्त सापडतं! म्हणून अगदी कमी डोसमध्ये ते निरोगी तंतूंना फारसा हात न लावता बिथरलेल्यांना गप्प करतं. ५ टक्के लिग्नोकेनचा पॅच याच्यावरच चालतो. कातडी बधिर होत नाही, स्पर्श कळतो, पण आग कमी होते. पॅच लावून १२ तास ठेवायचा, १२ तास काढायचा, जखम किंवा ओली खपली नसलेल्या कातडीवरच. ज्यांना नुसत्या कापडाने त्रास होतो त्यांना मी हे आधी सुचवतो. हृदयाच्या ठोक्यांचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

घट्ट दाबल्यावर बरं का वाटतं: हलका स्पर्श नेणारे जे तंतू आहेत त्यांचा निरोप मणक्यात चुकून दुखण्याच्या वाटेला लागतोय. वारा, काठ, शिवण हे सगळं हलकं घासणं. घट्ट दाबण्यात ते घासणं नसतं. आईला सांगा की तिला जे वाटतंय ते अगदी असंच वाटतं, ती वाढवून सांगत नाहीये.

सह्याद्री_वनौषधी

ताई, माझ्या आजोळी गुडघेदुखी, कंबरदुखीला बचनागाचं तेल चोळायचे, लावल्यावर आधी मुंग्या येतात आणि मग ती जागा बधिर होते. बचनागपण विषच आहे, ते शुद्ध करून त्रिभुवनकीर्ती या आयुर्वेदिक औषधात घालतात हे सगळ्यांना माहितीये. मग परदेशातल्या माशाची वाट कशाला बघायची, आपल्याकडचंच करून बघा असं माझं मत.

पाषाणकर_केमिस्ट

वरच्या प्रतिसादाबद्दल आधी लिहितो कारण ते महत्त्वाचं आहे. सह्याद्री, तुमची भावना कळते, पण मुक्ताताईंनी हे करू नये. बचनागातलं ॲकोनिटिन हे माशाच्या विषाच्या बरोब्बर उलट आहे. ते सोडियमचं दार बंद करत नाही, उघडं ठेवतं, मिटूच देत नाही. आधी मुंग्या येतात त्या म्हणूनच, तंतू सारखा पेटत राहतो आणि मग दमून गप्प होतो. आणि हे ते हृदयाच्या दारांनाही करतं, ठोके वेडेवाकडे होऊन माणूस दगावतो. आयुर्वेदात गोमूत्रात नाहीतर दुधात शोधन सांगितलंय ते काही उगाच नाही, त्या प्रक्रियेत ॲकोनिटिन मोडून बरंच सौम्य होतं. घरी केलेल्या तेलात किती मोडलंय आणि किती शिल्लक आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ७१ वर्षांच्या बाईच्या हुळहुळ्या कातडीवर तर अजिबात नको.

आता मूळ प्रश्न, मी औषधांच्या रसायनात काम करतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

फुगणारा मासा म्हणजे आपल्याकडे मालवणला ज्याला केंड म्हणतात त्याच्या जातकुळीतला. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन असतं. हे नाव १९०९ मध्ये जपानच्या योशिझुमी ताहारांनी दिलं. १९६४ हे वर्ष मोठं, त्या वर्षी क्योटोच्या परिषदेत वेगवेगळ्या गटांनी त्याची रचना मांडली, आणि त्याच वर्षी तोशिओ नाराहाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे विष फक्त सोडियमचा प्रवाह अडवतं, पोटॅशियमच्या प्रवाहाला हात लावत नाही. तोपर्यंत इतकं नेमकं काम करणारं काही हातात नव्हतं. सोडियमचं आणि पोटॅशियमचं दार वेगळं असतं हे पक्कं व्हायला या विषाचा मोठा हात आहे. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

त्या रेणूच्या एका टोकाला ग्वानिडिनियम नावाचा धन भाराचा गट आहे. दाराच्या तोंडाशी सोडियमला ओढून घेणारी ऋण भाराची जागा असते, तिथे हा गट सोडियमच्या ऐवजी जाऊन बसतो आणि मागचं धूड बाहेर अडकतं. शिंपल्यातून येणारं सॅक्सिटॉक्सिन पण तसंच, फक्त त्याला असे दोन गट.

माणसात या दारांचे नऊ प्रकार आहेत, एनएव्ही १.१ ते १.९. माशाचं विष त्यातले सहा अगदी थोड्या मात्रेत बंद करतं. हृदयाचं १.५ आणि दुखण्याच्या तंतूंमधले १.८ व १.९ त्याला दाद देत नाहीत. हृदयाच्या दारात मोक्याच्या जागी एकच अमिनो आम्ल (दार ज्या प्रथिनाचं बनतं त्याच्या साखळीतला एक मणी) वेगळं आहे, तेवढ्याने विष नीट बसत नाही. म्हणून विषबाधा झालेल्याचं हृदय बराच वेळ चालू राहतं, माणूस शुद्धीवरही असतो, पण श्वासाचे स्नायू बंद पडतात. उतारा नाही, व्हेंटिलेटरवर ठेवून विष निघून जायची वाट बघायची. एक-दोन मिलिग्रॅम मोठ्या माणसाला पुरतात.

मग वेदनेसाठी कुठलं दार धरायचं? २००६ मध्ये केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांबद्दल लिहिलं, ज्यांना जन्मापासून वेदनाच नाही. सुरुवात एका रस्त्यावर खेळ करणाऱ्या मुलापासून झाली होती, तो हातात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवर चालायचा. संशोधक त्याला भेटायच्या आधीच तो छपरावरून उडी मारून वारला, चौदावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. या कुटुंबांत १.७ चं दारच बनत नव्हतं. बाकी स्पर्श कळतो, गरम-गार कळतं, बुद्धी नीट. पुढे कळलं की अशा लोकांना वासही येत नाही. म्हणजे एक दार नेमकं बंद केलं तर वेदना जाते हे निसर्गाने करून दाखवलं होतं.

पण ते दार नेमकं बंद करणंच अवघड. १.७ ला माशाचं विष चालतं, पण स्नायूंच्या १.४ ला आणि हात-पाय हलवणाऱ्या तंतूंतल्या १.६ ला पण चालतं. सॅक्सिटॉक्सिनची गोष्ट वेगळी. माणसाच्या १.७ च्या तोंडाशी दोन अमिनो आम्लं बाकीच्या प्रकारांपेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे मूळ सॅक्सिटॉक्सिन तिथे सैल बसतं. स्टॅनफर्डच्या जस्टिन द्यू ब्वा यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरकच पकडला, सॅक्सिटॉक्सिनच्या सांगाड्याला अशा फांद्या जोडल्या की तो १.७ मध्ये घट्ट बसेल आणि इतरत्र बसणार नाही. प्राण्यांमध्ये त्याचा परिणाम दिसलाय. कोळ्यांची विषं तिसऱ्याच पद्धतीने काम करतात, तोंडात बूच न बसवता दार उघडणारा जो खटका असतो त्यालाच धरून ठेवतात, पण ती प्रथिनासारखी लांब साखळी असल्याने गोळी करून गिळली तर पोटातच पचून जाते.

माणसांवर झालंय ते असं: टेट्रोडोटॉक्सिन कॅन्सरच्या दुखण्यासाठी ३० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा, चार दिवस कातडीखाली टोचून बघितलंय, काहींना नंतर कित्येक आठवडे आराम पडला, पण मुख्य निकषावर चाचणी पास झाली असं म्हणता येत नाही. निओसॅक्सिटॉक्सिन हा सॅक्सिटॉक्सिनचा भाऊ बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात नेहमीच्या भुलीच्या औषधात मिसळून दिला तर बधिरपणा जास्त वेळ टिकतो असं दिसलंय. दुकानात जाऊन घेता येईल असं यातलं आज काही नाही. १.७ वर बेतलेल्या काही गोळ्यांनीही माणसात निराशा केली.

आणि ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत जी मान्य झाली ती सुझेट्रिजिन, तिच्याबद्दल पण वाचलं असेल. ती १.८ बंद करते, सवय लागत नाही, पण ती विषापासून बनलेली नाही आणि मान्यता आहे ती ऑपरेशन वगैरे नंतरच्या ताज्या दुखण्यासाठी. सायटिकाच्या चाचणीत खोट्या गोळीएवढाच फरक पडला. त्यामुळे कुणी "नागिणीवर नवी जादूची गोळी मागवून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका.

महाडचा_नातू

पाषाणकर, हे वाचून मला आजोबा आठवले. भात कापताना त्यांना लाल विंचू चावला होता, मी पाचवीत असेन. सगळ्यांना वाटतं विंचवाचं म्हणजे ठणका, पण त्यांना ठणका कमी आणि घाम इतका की गंजीफ्रॉक पिळून काढला, पाय बर्फासारखे थंड, मग खोकल्यातून गुलाबी फेस. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपाय शोधून काढला त्यानेच वाचले असं आजी शेवटपर्यंत सांगायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की विंचवाचं विष रक्तात जाऊन हृदय बिघडवतं. ते पण सोडियमच्या दाराचंच आहे का?

पाषाणकर_केमिस्ट

हो, तेच दार. लाल विंचवाचं विष ते दार वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचे तंतू बेफाम होतात, ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. आजोबांचा गुलाबी फेस तोच. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. एका तालुक्याच्या गावात बसून पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र जागून केलेलं ते काम जगभरच्या वैद्यकात गेलं, मला त्याचा फार अभिमान आहे.

आणि याचीच दुसरी बाजू बघा. अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो तिथले विषारी विंचू खातो. डंख बसला की क्षणभर पंजा चाटतो आणि परत खायला लागतो. २०१३ मध्ये कळलं की त्याच्या १.८ च्या दारात असा बदल आहे की विंचवाचं विषच तिथे जाऊन ते दार बंद करतं. जे विष बाकीच्यांना ठणका देतं तेच त्याच्यासाठी वेदनाशामक! दारात एक-दोन अमिनो आम्लं बदलली की विषाचं औषध होतं, आमची सगळी धडपड त्याचसाठी आहे.

शनिवारपेठ_सुमनकाकू

मुक्ता बाळा, मला यातलं शास्त्र फारसं कळलं नाही पण दुखणं कळतं. मला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती, कमरेला. मला पॅचने फरक पडला म्हणून माझ्याकडच्या दोन गोष्टी सांगते. पॅच मोठा असतो, तळहातापेक्षा लांब, तो कागद काढायच्या आधी कात्रीने दुखऱ्या जागेच्या आकाराचा कापायचा. आणि लावताना नुसता ठेवायचा नाही, तळहाताने दाबून धरायचा, तुझ्या आईला दाबलेलं चालतं म्हणालीस ना, मग तिलाच लावू दे. दुसऱ्याने लावलं की आपण आधीच अंग चोरतो. पहिले आठ-दहा दिवस मला काहीच वाटलं नव्हतं, मी बंद करणार होते, सुनेने करू दिलं नाही. शेक घ्यायचा नाही हां त्याच्यावर, गरम पिशवी अजिबात नाही.

आणि तुझी मावशी, आत्या, शेजारणी, ज्या पन्नाशीच्या पुढच्या असतील त्यांना नागिणीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांग. शिंग्रिक्स, दोन डोस असतात. महाग आहे हे खरं, पण मी माझ्या दोन्ही बहिणींना दिली. मला वेळेत कळलं असतं तर मीही घेतली असती.

मुक्ता_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. बचनागाचं तेल नाही लावणार, सह्याद्री तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळलं. डॉक्टर, दोन शंका. प्रेगाबालिन एकदम बंद करून पॅच सुरू करायचा का? आणि पॅच चालला नाही तर पुढे काय?

भूलतज्ज्ञ_एरंडवणे

एकदम बंद अजिबात नको. ७५ वर आईला चक्कर येत नव्हती ना, मग तुमच्या डॉक्टरांशी बोलून परत तिथे या आणि जोडीला पॅच, असं बरेचदा जमतं. दोन-तीन आठवडे द्या. नाही चाललं तर रात्रीची नॉरट्रिप्टिलीन (नैराश्याची जुनी गोळी, कमी मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात) अगदी १० मिलिग्रॅमपासून, पण या वयात आधी ईसीजी काढून. त्याच्या पुढे बरगडीखालच्या तंतूला इंजेक्शनचा ब्लॉक आहे, म्हणजे टोचून तिथली कळ अडवायची. मिरचीतल्या कॅप्सायसिनचा जोरदार पॅचही असतो, पण तो दवाखान्यात देखरेखीखाली लावतात, घरी नाही. ज्यांनी "सहन करा" म्हटलं त्यांच्याकडेच परत जायला हवं असं नाही, वेदना-उपचार बघणारा भूलतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. जाताना आईने घातलेला तो उलटा सदरा बदलून नेऊ नका, तसाच दाखवा. त्यावरून आम्हाला बरंच कळतं.

मुक्ता_कर्वेनगर

तीन आठवड्यांनी लिहितेय. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, आईला सदरा उलटा घालूनच नेलं, त्यांनी पाच मिनिटं कापसाचा बोळा फिरवून कुठून कुठपर्यंत झोंबतंय ते पेनाने अंगावर आखून घेतलं. त्याच आखणीवर मी पॅच कापते. सकाळी आंघोळीनंतर आठला लावतो, रात्री आठला काढतो. सुमनकाकू, आई स्वतःच दाबून लावते. आग गेली नाही, पण आई दहापैकी आठ म्हणायची ती आता चार-पाच म्हणते, आणि पंखा एकवर चालतो. रात्री पॅच नसताना अजून त्रास होतो, तर दिवसाऐवजी रात्री लावला तर चालेल का, हे पुढच्या वेळी विचारणार आहे. आणि पाषाणकर दादा, त्या सॅक्सिटॉक्सिनच्या फांद्यांचं पुढे काही झालं तर इथेच लिहा, आईला मी सगळं वाचून दाखवलंय, ती मधूनच विचारते, "त्या शिंपल्याचं काय झालं गं?"